दैनंदिन अडचणींतील कृतज्ञता

रोजच्या जगण्यातल्या लहानसहान त्रासांमध्ये, तो त्रास न नाकारता, काय शाबूत राहिले, काय टळले आणि कोण मदतीला आले हे ओळखून त्याबद्दल मनात उपकाराची जाणीव ठेवण्याच्या वृत्तीला दैनंदिन अडचणींतील कृतज्ञता म्हणता येईल. बोलताना आपण ज्याला ‘दुःखात सुख’ म्हणतो, त्याचेच हे अधिक जाणीवपूर्वक रूप आहे. आशावादाहून ही वृत्ती वेगळी आहे, कारण आशावादाचे लक्ष पुढे काय होईल याकडे असते, तर कृतज्ञतेचा विषय आधीच हाती आलेला असतो. ती निव्वळ समाधानाहूनही वेगळी आहे. जे लाभले ते सर्वस्वी आपल्या कर्तृत्वाने नव्हे, तर पुष्कळ अंशी दुसऱ्याच्या कष्टांमुळे, सौजन्यामुळे किंवा सुदैवाने लाभले, ही कबुली तिच्यात अंतर्भूत असते.

किरकोळ त्रासांचा एवढ्या गांभीर्याने विचार का करावा, याचे उत्तर ॲलन कॅनर, रिचर्ड लाझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून मिळते. त्यांनी रोजच्या ११७ कटकटींची आणि १३५ सुखद गोष्टींची अशा दोन सूची तयार केल्या. वस्तू हरवण्यापासून महागाईच्या काळजीपर्यंत सगळे पहिल्या सूचीत होते, तर हातचे काम पुरे होणे, पुरेशी झोप मिळणे यांसारख्या गोष्टी दुसरीत होत्या. आयुष्यातल्या मोठ्या उलथापालथींपेक्षा या बारीकसारीक कटकटींवरून माणसाच्या मानसिक तक्रारींचा अंदाज अधिक चांगला बांधता येतो, असे त्यांना आढळले. मोठ्या संकटात माणूस स्वतःला सावरून घेतो आणि आप्तेष्टही धावून येतात. किरकोळ त्रास मात्र एकट्यानेच सोसायचा असतो आणि तो रोजचाच असतो.

अशा प्रसंगी कृतज्ञता आपसूक सुचत नाही, याला मनाची घडणच कारण आहे. वाईट अनुभव चांगल्या अनुभवापेक्षा मनावर अधिक खोल ठसतात, हा निष्कर्ष रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अनेक क्षेत्रांतील संशोधनांचा आढावा घेऊन मांडला. शिवाय सुखाची सवय लवकर होते आणि सवयीचे झालेले सुख दिसेनासे होते. शाय डेव्हिडाय आणि थॉमस गिलोविच यांनी २०१६ मध्ये ही विषमता वाऱ्याच्या दृष्टान्ताने स्पष्ट केली. सायकल चालवताना समोरून येणारा वारा क्षणोक्षणी जाणवतो, पाठीमागून रेटा देणारा वारा मात्र थोड्याच वेळात विसरला जातो. आपल्याला आडव्या आलेल्या गोष्टी आपण मोजत राहतो, कारण त्यांच्याशी झुंजावे लागते. साह्यभूत झालेल्या गोष्टींकडे लक्ष देण्याची गरजच पडत नाही.

अडचण स्वतःच या सवयीचा पडदा काही काळ बाजूला करते, आणि या विषयातला सर्वांत मोलाचा भाग मला हाच वाटतो. घोटा मुरगळलेल्या माणसाचे उदाहरण घ्यावे. एरवी ज्या जिन्याच्या कठड्याकडे त्याचे कधी लक्षही गेले नव्हते, तो कठडा आता तो घट्ट धरतो. आधी दुखरा पाय खालच्या पायरीवर टेकवतो, मग चांगला पाय त्याच्या शेजारी आणतो, आणि पुन्हा तेच. मागून येणारा कोणी घाई न करता थांबतो, कोणी न सांगता हातातली पिशवी काढून घेतो. सूज, ठणका आणि बुडालेले काम यांतले काहीच त्यामुळे खोटे ठरत नाही. परंतु चालणे ही केवढी मोठी सोय होती, कठडा बसवताना कोणीतरी आपल्यासारख्याचा विचार केला होता, आणि ओळखपाळख नसलेला माणूसही आपल्यासाठी खोळंबतो, या तीन गोष्टी त्याला त्या पायऱ्यांवरच कळतात. सर्दीने चोंदलेले नाक चार दिवसांनी मोकळे झाल्यावर घेतलेला पहिला श्वास हाही याच जातीचा अनुभव आहे. पाय बरा झाला की जाणीव पुन्हा बोथट होते. म्हणून ती टिकवण्यासाठी अभ्यास लागतो.

त्या अभ्यासाचा एक मार्ग म्हणजे काय होऊ शकले असते याचा विचार. जिवावरचे शेपटावर निभावले, असे आपण म्हणतो तेव्हा हीच तुलना करत असतो. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधील विजेत्यांच्या चित्रफितींचा अभ्यास करणाऱ्या मेडवेक, मेडी आणि गिलोविच यांना १९९५ मध्ये असे दिसले की, कांस्यपदक मिळवणारे रौप्यपदक मिळवणाऱ्यांपेक्षा अधिक आनंदी दिसत होते. त्याचे कारण असे सांगितले जाते की, दुसऱ्या क्रमांकाच्या मनात हुकलेले सुवर्ण असते आणि तिसऱ्याच्या मनात पदकाविना परतण्याची टळलेली वेळ. मिंक्युंग कू आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवले की, एखादी चांगली गोष्ट आयुष्यात घडलीच नसती तर काय झाले असते, अशी कल्पना केल्याने ती गोष्ट नुसती आठवण्यापेक्षा अधिक प्रसन्नता लाभते.

लिहून ठेवण्याचा मार्ग अधिक परिचित आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांच्या २००३ मधील एका प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने दहा आठवडे, दर आठवड्याला, कृतज्ञ वाटावे अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या, तर दुसऱ्या गटाने कटकटी लिहिल्या. पहिल्या गटाचे एकूण आयुष्याविषयीचे मत अधिक अनुकूल निघाले. या पद्धतीकडून वाजवीपेक्षा जास्त अपेक्षा मात्र ठेवू नये. क्रेग आणि चीव्हन्स यांनी २०२१ मध्ये अशा अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा नैराश्य आणि चिंता यांच्या लक्षणांवर होणारा परिणाम लहानच आढळला. अशा आजारांत कृतज्ञतेची वही उपचारांची जागा घेऊ शकत नाही.

या वृत्तीची मर्यादा ओळखणे तिच्या अंगीकाराइतकेच महत्त्वाचे आहे. ॲलिसन ट्रॉय आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये केलेल्या अभ्यासानुसार, परिस्थितीकडे नव्या अर्थाने पाहण्याचे कौशल्य आवाक्याबाहेरच्या ताणात नैराश्य कमी असण्याशी निगडित होते. पण जो ताण स्वतः दूर करता येण्यासारखा होता, त्यात तेच कौशल्य अधिक नैराश्याशी निगडित आढळले. चुकलेल्या गाडीबद्दल मनाची समजूत घालणे योग्य आहे. दर महिन्याला थकणाऱ्या पगाराबद्दल तशी समजूत घालत राहणे अन्यायाला हातभार लावणारे ठरते. तिथे तक्रारच करायला हवी. आणखी एक मर्यादा नात्यांतली आहे. ‘एवढ्यावर निभावले, हे काय थोडे झाले?’ हे वाक्य सोसणाऱ्याने स्वतः उच्चारले तर त्याला बळ देते. तेच दुसऱ्याने त्याला ऐकवले तर त्याचे दुःख ऐकून घेण्यास नकार दिल्यासारखे होते. त्रास भोगणाऱ्याचे म्हणणे आधी पुरते ऐकून घ्यावे. त्यात चांगले काय होते हे कधी आणि कोणत्या शब्दांत सांगायचे, किंवा सांगायचेच की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्याचा आहे.