जाळ्याचा कायदा आणि मासळी विकणारी बाई : बेळगाव-कारवार सीमाभागाची पार्श्वभूमी

कारवारच्या किनाऱ्यावर खारवी, गाबीत, हरिकंत्र या समाजांची समुद्रातली मासेमारी चालते; घाटावर घटप्रभा, मलप्रभा, कृष्णा या नद्यांत आणि हिडकल, नविलुतीर्थ धरणांच्या पाण्यात भोई, कोळी, अंबिग उतरतात. कामाची वाटणी दोन्हीकडे बहुतांशी सारखीच आहे. जाळे टाकतो तो पुरुष, आणि मासळी काठाला लागली की ती निवडणे, खारवणे, वाळवणे व बाजारात नेऊन विकणे हे बाईकडे येते. कायद्याने मात्र दीर्घकाळ यातला पहिलाच भाग पाहिला.

१८९७ चा भारतीय मत्स्यव्यवसाय कायदा स्फोटके आणि विष वापरून मासे मारण्यास बंदी करतो व जाळ्यांविषयी नियम करण्याची मुभा सरकारला देतो. विक्री करणाऱ्यांच्या हक्कांचा त्यात विचार नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा आणि त्याबरोबर कारवारचा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तरी ही दृष्टी बदलली नाही. कर्नाटकाचा १९८६ चा सागरी मासेमारी नियमन कायदाही नोंदणी आणि परवाना यांसाठी नौकेकडेच पाहतो. साहजिकच जिच्या नावावर होडी नाही, ती आयुष्यभर मासळीत राबूनही कागदोपत्री मच्छीमार ठरणे अवघड होते.

वारसाहक्काचा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत, म्हणजे होडी-जाळ्यांतही, विधवा, आई, मुलगा व मुलगी यांना सारखा वाटा दिला. परवाना मात्र व्यक्तीच्या नावे असतो, त्यामुळे वाटा मिळूनही धंदा हाती येतोच असे नाही. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला जन्मसिद्ध हक्क देणारी कर्नाटकाची दुरुस्ती ३० जुलै १९९४ पासून अमलात आली. सीमेपलीकडे महाराष्ट्रात तशीच दुरुस्ती त्याच वर्षी २२ जूनला लागू झाली होती. इतका जुना वाद असलेल्या या दोन राज्यांत मुलीचा हक्क सव्वा महिन्याच्या अंतराने आला, ही गोष्ट सीमाभागातही फारशी बोलली जात नाही. दोन्ही दुरुस्त्यांनी आधी लग्न झालेल्या मुलींना वगळले होते. ती अट केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीने गेली, आणि ती दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, म्हणजे त्या वर्षीच्या ९ सप्टेंबरला, वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले.

विकणाऱ्या बाईला तिच्या धंद्यानिशी ओळखणारा महत्त्वाचा कायदा त्या मानाने अलीकडचा, २०१४ चा पथविक्रेता कायदा. त्यातील नगर विक्रेता समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी किमान ४० टक्के आणि त्यांतल्या एक तृतीयांश जागा महिलांच्या असतात. २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत महिलांना ६० टक्के, तर सर्वसाधारण गटाला ४० टक्के अनुदान आहे.

हे हक्क मासळी विकणाऱ्या बाईला सांगायचे कोणी, हा प्रश्न कायद्यापुरता १९८७ मध्येच सुटला होता. त्या वर्षीच्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोणत्याही महिलेला, तिचे उत्पन्न न पाहता, मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा प्राधिकरण आणि तालुका समित्या आहेत. परंतु सीमाभागात अर्ज आणि नोटिसा प्रामुख्याने कन्नडमध्ये असतात, आणि खानापूरची किंवा कारवारची मासळी विकणारी बाई घरी मराठी नाहीतर कोकणी बोलते. भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती पुरेशी असेल तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात, असे केंद्राने १९५६ च्या निवेदनातच म्हटले होते. मराठीत परिपत्रके मिळावीत ही बेळगावातली जुनी मागणी त्याच तरतुदीवर उभी आहे. तिच्यात मत्स्यखात्याचे अर्ज आणि विधी सेवेची माहितीपत्रके यांचा उल्लेख मात्र क्वचितच होतो.