चौकोन आणि भरकटलेली वेलांटी: गेममधल्या मराठीचे दोन वेगळे बिघाड

गोष्ट सांगणाऱ्या गेममध्ये पडद्यावर सतत मजकूर असतो. पात्रांचे संवाद, जुनी पत्रं, दुकानांवरच्या पाट्या, खेळाडूने निवडायचे पर्याय. असा गेम मराठीत करायला घेतला की अक्षरं नीट न दिसण्याचा प्रश्न पहिल्या आठवड्यातच उभा राहतो. मग बहुतेक जण म्हणतात, "फॉन्टचा प्रॉब्लेम आहे." मीही तेच धरून चाललो होतो. माझ्या गेममध्ये आजीने नातीला लिहिलेलं एक पत्र आहे. त्यातला 'किल्ला' हा एक शब्द नीट दिसावा म्हणून मी सहा फॉन्ट बदलून पाहिले. काडीचा फरक पडला नाही, कारण बिघाड फॉन्टमध्ये नव्हताच.

बिघाड दोन असतात. एकात अक्षराच्या जागी रिकामा चौकोन येतो. दुसऱ्यात अक्षरं येतात, पण वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते, जोडाक्षरं सुटी पडतात, रफार चढतच नाही. दोन्ही वेळा मराठी वाचता येत नाही, म्हणून ते एकच वाटतात. उपाय मात्र अगदी वेगळे आहेत.

चौकोनाचं कारण सोपं आहे. इंजिन, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर गेम बनतो ते, फॉन्टकडे 'क'चा आकार मागतं, फॉन्टमध्ये तो नसतो, मग राखीव चौकोन छापला जातो. त्याला टोफू म्हणतात. गूगलच्या 'नोटो' फॉन्टचं नाव 'नो टोफू' यावरूनच पडलं. अनेक इंजिनांसोबत येणाऱ्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नसतेच. रेनपायचा डेजावू सान्स घ्या किंवा युनिटीत मजकूर दाखवणाऱ्या टेक्स्टमेश प्रोचा लिबरेशन सान्स घ्या, दोन्हींत 'क' सापडणार नाही. देवनागरी असलेला फॉन्ट घातला की काम झालं. मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बालू आहेत, नोटो आहे, तिरो देवनागरी मराठी आहे. हे सगळे खुल्या परवान्याचे आहेत, त्यामुळे गेमसोबत बिनदिक्कत देता येतात.

दोन ठिकाणी मात्र चौकोन लपून बसतो. पहिलं म्हणजे 'ॲ'. हे अक्षर यूनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, २००८ साली आलं, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये बाकी सगळं नीट दिसतं आणि 'ॲम्ब्युलन्स'चं पहिलंच अक्षर चौकोन होतं. दुसरं जास्त फसवं आहे. गोडोसारखं इंजिन गेमच्या फॉन्टमध्ये अक्षर मिळालं नाही तर कॉम्प्युटरवरचा दुसरा फॉन्ट आपोआप उचलू शकतं. तुमच्या मशीनवर मराठी झकास दिसते, मित्राच्या मशीनवर चौकोनांची रांग लागते. म्हणून फॉन्ट गेमच्या फोल्डरमध्येच ठेवा आणि ज्या मशीनवर देवनागरी फॉन्टच नाही, अशा मशीनवर गेम एकदा चालवून बघा.

आता वेलांटी. इथे थोडं थांबायला हवं, कारण खरा वेळ इथेच जातो.

'किल्ला' हा शब्द फाईलमध्ये असा साठवलेला असतो: क, वेलांटी, ल, पाय मोडायचं चिन्ह, ल, काना. सहा तुकडे. वेलांटी साठवताना 'क'च्या नंतर येते, पण काढायची असते 'क'च्या आधी. दोन 'ल' एकमेकांत मिसळायचे असतात. अक्षरं कशी जुळवायची याचे नियम फॉन्टमध्ये लिहिलेले असतात, पण नियम स्वतःहून चालत नाहीत; ते वाचून अमलात आणणारा आणि वेलांटी आधी नेणारा प्रोग्रॅम लागतो. त्या कामाला शेपिंग म्हणतात. क्रोम, फायरफॉक्स आणि अँड्रॉइड त्यासाठी हार्फबझ नावाची खुली लायब्ररी वापरतात. म्हणून तोच शब्द, त्याच फॉन्टमध्ये, ब्राउझरमध्ये बरोबर आणि गेममध्ये चूक दिसतो. माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो असाच, दोन खिडक्या शेजारी ठेवल्यावर.

शेपिंग नसलेलं इंजिन सहा तुकडे आले तसे ओळीने मांडतं. वेलांटी 'क'च्या उजवीकडे उभी राहते, तिची कमान पुढच्या 'ल'वर झुकते, आणि वाचणारा 'क' सुटा घेऊन पुढे 'लि' वाचतो. 'वर्ष'चं 'वर्‌ष' होतं. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. यातला पहिला शब्द 'दर्‌या' असा तुटतो आणि दुसऱ्यात खाली टिंब असलेला, पाय मोडलेला 'र' उघडा पडतो. कोकणातल्या गावाची गोष्ट असेल तर हे दोन्ही शब्द पानोपानी येणार.

इथे फॉन्ट कितीही बदला, उपयोग नाही. इंजिनच्या मजकूर काढणाऱ्या भागात शेपिंग हवं. मार्च २०२३ मध्ये आलेल्या गोडो ४ मध्ये ते आहे, मात्र त्यात मजकूर मांडणारे दोन भाग, म्हणजे टेक्स्ट सर्व्हर, आहेत आणि त्यातला 'ॲडव्हान्स्ड'च निवडलेला असायला हवा. 'फॉलबॅक' देवनागरीची मांडणी करत नाही. अनरियलमध्ये हार्फबझ आहे. संवादप्रधान गेमसाठी लोकप्रिय असलेल्या रेनपायमध्येही ते नव्या आवृत्त्यांत आलं आहे. युनिटीत टेक्स्टमेश प्रो हे काम करत नाही, पण युनिटी ६ मध्ये यूआय टूलकिटसाठी (मेनू, बटणं वगैरे बनवायच्या भागासाठी) ॲडव्हान्स्ड टेक्स्ट जनरेटर आहे. इंजिन निवडायच्या आधी हे तपासा. अर्धा गेम झाल्यावर कळलं तर फार महागात पडतं.

ओळखायचं कसं? रिकाम्या सीनमध्ये फक्त 'क', 'कि' आणि 'र्ष' लिहा. 'क'च चौकोन आला तर फॉन्ट. 'क' आला आणि पुढचे दोन बिघडले तर शेपिंग.

एक जुना तोडगा अजून सुचवला जातो. यूनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार भरलेले असत आणि वेलांटी आधीच टाईप करायची असे, त्यामुळे शेपिंगशिवायही मजकूर बरोबर दिसतो. तरी गेममध्ये हे करू नका, असं मी कळकळीने सांगेन. खेळाडूने स्वतःचं नाव टाईप केलं की गडबड होते, फॉन्ट बदलला की सगळं निरर्थक होतं, आणि तुमच्यानंतर त्या फाईलवर बसणाऱ्याला संवादाचं एक वाक्यही वाचता येत नाही.

शेपिंग आलं तरी एक जागा राहते, ती म्हणजे संवाद एकेक अक्षराने उमटवण्याचा इफेक्ट. 'क्षितिज'चे तुकडे सात, डोळ्याला दिसणारी अक्षरं तीन. कोड एकेक तुकडा वाढवत गेला तर आधी 'क' येतो, मग त्याचा पाय मोडतो, मग एकदम 'क्ष' होतो, मग डावीकडे वेलांटी घुसते आणि सगळं अक्षर उजवीकडे सरकतं. ओळ अक्षरशः थरथरते. त्यावर उपाय असा, की पूर्ण ओळीची मांडणी आधी करून घ्यायची आणि मग तयार आकार एकेक करून दाखवायचे. गोडोमध्ये त्यासाठी सेटिंग आहे: दिसणारी अक्षरं शेपिंगच्या आधी मोजायची की नंतर. 'नंतर' ठेवा. स्वतः तुकडे करणार असाल तर मजकुराची अक्षरं वेगळी करणारी लायब्ररी ताजी घ्या. जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम यूनिकोडमध्ये २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला, जुन्या लायब्रऱ्या 'क्षि'चे दोन भाग करतात.

कधी वेलांटीला ठिपक्यांचं वर्तुळ चिकटलेलं दिसतं. तो तिसरा बिघाड नाही. शेपिंग चालू आहे, पण वेलांटीला टेकायला अक्षर मिळालेलं नाही. बहुधा मधेच रंगाचा टॅग आलेला असतो किंवा ओळ चुकीच्या जागी कापलेली असते.

एवढं सगळं जुळल्यावरही आजीच्या पत्रातला 'ल' मला परका वाटत होता. तो हिंदी वळणाचा होता. काही फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श'ची दोन्ही वळणं असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितल्याशिवाय आपलं वळण येत नाही. मी भाषा 'मराठी' केली, सीन पुन्हा चालवला, आणि 'लवकर ये' मधला 'ल' शाळेत पाटीवर गिरवला होता तसा उमटला.