रेडीचा दगड आणि माइनक्राफ्टमधलं लोखंड

मे महिन्यात भाचा मुंबईहून वेंगुर्ल्याला येतो, पडवीतल्या झोपाळ्यावर पाय दुमडून बसतो आणि माइनक्राफ्ट सुरू करतो, म्हणजे ठोकळ्यांच्या जगात खणत फिरायचा पडद्यावरचा खेळ. यंदा मीही शेजारी बसून बघत होतो. अंधाऱ्या गुहेत कुदळ चालवत असताना तो एकदम ओरडला, "मामा, लोखंड!" पडद्यावर करडा दगड होता आणि त्यावर फिकट बदामी ठिपके.

मी आत जाऊन फडताळातला एक दगड आणला. जवळच्या रेडी गावातल्या लोहखनिजाच्या खाणीत कामाला असलेल्या शेजाऱ्यांनी तो मला कधीकाळी दिला होता. काळपट, राखाडी, मुठीएवढा. भाच्याने आधी नुसतं पाहिलं आणि म्हणाला, "हा तर साधाच दगड." मग हातात घेतला आणि त्याचा हात चटकन खाली गेला. "केवढा जड आहे हा!"

लोहखनिजाची पहिली ओळख डोळ्याला पटत नाही, ती हाताला पटते. रेडीच्या दगडातलं मुख्य खनिज हेमटाइट, म्हणजे लोह आणि ऑक्सिजन यांचं संयुग. शुद्ध हेमटाइट पाण्याच्या सव्वापाच पट जड असतं, तर सह्याद्रीचा काळा कातळ जेमतेम तिप्पट. शुद्ध हेमटाइटच्या 100 किलोंत 70 किलो लोह असतं. तरी तव्याशी किंवा कोयतीशी त्याचं काही नातं असेल असं बघून वाटत नाही, कारण लोहाचे अणू ऑक्सिजनशी बांधले गेले की तो पदार्थच निराळा होतो. खेळातल्या दगडात लोखंडाचे दाणे चिवड्यातल्या शेंगदाण्यांसारखे पेरलेले दिसतात. प्रत्यक्षात लोह शोधायला दगडात वेगळं काही बघावं लागत नाही, तो सगळा दगडच लोहाचा असतो.

मग आम्ही न्हाणीघराच्या कामातून उरलेली एक टाइल पालथी घातली. मागची बाजू खरखरीत, बिनचकाकीची. भाच्याने तिच्यावर दगड दाबून ओढला. दगड काळपट, पण रेघ उमटली दाट तांबडी. त्याने दगड उलटसुलट करून पाहिला, दुसऱ्या कोपऱ्याने ओढली, तिसऱ्याने ओढली. प्रत्येक रेघ तांबडीच. खनिजशास्त्रात रेघेच्या या रंगाला कस म्हणतात. सोनाराच्या कसोटीवर उतरतो तोच हा शब्द, आणि मला तो फार आवडतो. हेमटाइट वरून काळं दिसो, पोलादी दिसो की विटकरी, त्याचा कस तांबडाच येतो.

असं का होतं? मोठ्या, घट्ट स्फटिकावर पडलेला प्रकाश बराचसा पृष्ठभागावरूनच परततो, म्हणून दगड राखाडी आणि धातूसारखा दिसतो. त्याचीच बारीक पूड झाली की प्रकाश कणांच्या आत शिरतो, आरपार जातो, त्यातला निळा-हिरवा भाग आतच शोषला जातो आणि तांबडा तेवढा बाहेर येतो. तुळशीवृंदावनाला लावतो तो गेरू म्हणजे मातीत मिसळलेलं असंच बारीक हेमटाइट. घराभोवतीच्या गडग्याच्या चिऱ्यांना तांबूस रंग येतो तोही लोहाच्या ऑक्साइडांमुळे. लाखो पावसाळ्यांनी मूळ खडकातली सिलिका आणि क्षार धुऊन नेले, मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरलं, त्याचा जांभा झाला. भाचा रोज लोखंडाने रंगलेल्या भिंतीला टेकून लोखंड शोधत होता.

तरीही खेळ बनवणाऱ्यांनी चूक केली असं मी म्हणणार नाही. माइनक्राफ्टच्या ठोकळ्याची एक बाजू मुळात 16 गुणिले 16, म्हणजे 256 ठिपक्यांची. तेवढ्या जागेत, मशालीच्या उजेडात, धावता धावता खेळणाऱ्याला कळलं पाहिजे की हे लोखंड आणि हे सोनं. ॲन ट्राइझमन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1980 मध्ये आपल्या सहकाऱ्याबरोबर मांडलेला सिद्धान्त इथे लागू पडतो. आजूबाजूच्या वस्तूंपेक्षा एखाद्या वस्तूचा रंग निराळा असेल, तर ती आपोआप डोळ्यात भरते. भोवती दहा वस्तू असोत की शंभर, शोधायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. हिरव्या पानांत पिकलेलं रतांबं लांबून दिसतं ते याचमुळे. खेळातला ठिपका रतांब्याचं काम करतो.

रंगावर सगळा भार टाकण्यात मात्र एक अडचण होती. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे 8 टक्क्यांना लाल-हिरव्या रंगांतला फरक नीट कळत नाही. माइनक्राफ्टमध्ये बऱ्याच खनिजांच्या ठिपक्यांची नक्षी एकच होती, बदलायचा तो फक्त रंग. 2021 च्या 1.17 या आवृत्तीत ती नक्षी प्रत्येक खनिजासाठी वेगळी केली गेली. त्याच आवृत्तीत आलेलं तांब्याचं खनिज मला विशेष पटतं. नारिंगीच्या जोडीला त्यात हिरवट ठिपके आहेत, आणि हवा-पाण्याने बदललेलं तांब्याचं खनिज खरोखरच हिरवं होतं. सोन्याचे पिवळेधमक ठिपके मात्र फारच उदार आहेत. खाणीतल्या टनभर खडकात बहुतेक वेळा काही ग्रॅमच सोनं असतं, आणि तेही नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाही.

रंगावर विसंबू नये हे शिकायला रत्नागिरीसारखी जागा नाही. मांडवीच्या बाजूला काळी वाळू, म्हणून तो काळा समुद्र. मिऱ्याच्या बाजूला पांढरी वाळू, म्हणून तो पांढरा समुद्र. काळ्या वाळूत इल्मेनाइट असतं, लोह आणि टायटेनियम यांचं खनिज. पांढऱ्या वाळूतली गारगोटी पाण्याच्या 2.65 पट जड, इल्मेनाइट 4.7 पट. लाट परतताना हलके कण ओढून नेते, जड कण मागे राहतात, आणि किनाऱ्यावर काळे पट्टे उमटतात. लाटांनी केलेली ही पाखडणी ओंजळीत वाळू घेतली की वजनाने कळते. याच काळ्या इल्मेनाइटपासून टायटेनियम डायऑक्साइड काढतात, जो भिंतींच्या पांढऱ्या रंगात घालतात. काळ्यातून पांढरं निघतं, हे एखाद्या खेळात दाखवलं तर मुलं ते जन्मभर विसरणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी भाच्याने स्वतःच एक उद्योग काढला. माइनक्राफ्टमध्ये ठोकळ्यांची चित्रं बदलता येतात. त्याने रेडीच्या दगडाचा फोटो समोर ठेवला आणि लोखंडाचा ठोकळा हुबेहूब रंगवला. काळपट राखाडी, मधे थोडी पोलादी झाक. खेळ सुरू केला आणि लोखंड गायब! राखाडी दगडात राखाडी खनिज. गुहेत आम्ही कितीतरी वेळ फिरलो, दोघांचे डोळे दुखायला लागले. शेवटी जे सापडलं ते चुकून कुदळ लागल्यामुळे.

मला वाटलं, आता हा जुने बदामी ठिपके परत आणणार. तो थोडा वेळ पालथी टाइल हातात घेऊन बसला. मग त्याने चित्र पुन्हा उघडलं, राखाडी रंग तसाच ठेवला आणि ठोकळ्याच्या एका कोपऱ्यात चार तांबडे ठिपके तिरके ओढले, कुणीतरी कुदळीने खरवडल्यासारखे.

पुढच्याच वळणावर त्याला लोखंड दिसलं.