आग्वा फ्रेस्का : चियापासून अंबाडीपर्यंत

मेक्सिकोत दुपारच्या जेवणासोबत फळांच्या पातळ पाण्याचा जग ठेवतात. या आग्वा फ्रेस्काचा इतिहास चिया या बारीक बीपासून सांगावा लागतो, कारण त्यातल्या नेहमीच्या जिनसांत ती अस्सल तिथली. अ‍ॅझ्टेक राज्यात मका, घेवडा, राजगिरा आणि चिया खंडणी म्हणून गोळा होत. १५४० च्या सुमारास तयार झालेल्या मेंडोझा चित्रपोथीत या खंडणीची चित्रं आहेत. चियाचं बी पाण्यात फुगून बुळबुळीत होतं. (आपल्याकडे सब्जालाच चिया म्हणून खपवतात. दोन्ही तुळशीच्याच कुळातली, पण झाडं निराळी.)

१५२१ मध्ये अ‍ॅझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान स्पॅनिशांच्या हाती पडली. मग स्पॅनिशांबरोबर ऊस, लिंबू, कलिंगड, खरबूज, तांदूळ असं बरंच काही आलं आणि चियाच्या पाण्यात लिंबू-साखर पडू लागली. एकोणिसाव्या शतकात मेक्सिको सिटीत ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहात बायका पानाफुलांनी सजवलेले ठेले मांडून हे पाणी विकत. त्यांना चिएरा म्हणत. १८५४-५५ च्या सुमारास तिथल्या लोकजीवनावर निघालेल्या एका सचित्र ग्रंथात चिएरेला स्वतंत्र प्रकरण दिलं आहे. पाणी विकणाऱ्या बाईची एवढी दखल घेतली गेली, हे मला फार मोलाचं वाटतं.

ओर्चाता हे पांढरं पेय स्पेनच्या वालेन्सियाचं. तिथे ते चुफा नावाच्या गोडसर कंदापासून करतात. मेक्सिकोत त्या जागी तांदूळ आले. तांदूळ आणि दालचिनी रात्रभर भिजत घालायची, सकाळी वाटून फडक्यातून गाळायची. चिंचही जहाजांनीच नेली.

मराठी घराला सगळ्यात जवळचं मात्र गर्द लाल 'हमाइका'. ते आपल्या लाल अंबाडीचं! झाड मूळचं आफ्रिकेतलं. इकडे आपल्या शेताच्या बांधावर रुजलं, तिकडे मेक्सिकोत. विदर्भात बोंडांचं सरबत करतात, तिथे बोंडावरची मांसल लाल दलं वाळवून ठेवतात. मूठभर सुकी दलं लिटरभर पाण्यात पाच-सात मिनिटं उकळायची, झाकून मुरू द्यायची, गाळून तेवढंच थंड पाणी आणि बेताची साखर घालायची. पितळेचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं नको, आंबटपणा धातूला खातो. उरलेला चोथा टाकत नाहीत, कांद्यावर परतून 'टाको'त, म्हणजे मक्याच्या पोळीच्या घडीत, भरतात. कलिंगड-खरबुजाला तर चूलही लागत नाही: फोडी पाण्याबरोबर घुसळायच्या, गाळायच्या, लिंबू पिळायचं. पाणी फळाहून जास्तच हवं, नाहीतर तो रस झाला.

मेक्सिकोतल्या वाहाका शहरात ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या चौथ्या शुक्रवारी ही पाणी फुकट वाटतात. विहिरीवर येशूने जिच्याकडे पाणी मागितलं त्या समरीतन बाईची ती आठवण. चर्च, शाळा, दुकानं यांच्या दाराशी मोठमोठी भांडी मांडतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पेला भरून देतात.

विसाव्या शतकात बाटलीबंद गोड शीतपेयांनी जेवणासोबतच्या या पाण्याची जागा बळकावली. मेक्सिको जगात सर्वाधिक शीतपेयं पिणाऱ्या देशांत गणला जाऊ लागला, मधुमेह वाढला आणि २०१४ मध्ये सरकारने साखरेच्या पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला. घरच्या पाण्यातही साखर असतेच, पण ती किती घालायची हे करणाऱ्याच्या हातात राहतं.