दोन दऱ्यांचा हिशोब : विदर्भातल्या धरणांची पार्श्वभूमी

२०२४ मध्ये राज्य सरकारने वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला मंजुरी दिली. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या जलाशयातून पाणी उचलायचं आणि सुमारे ४२७ किलोमीटरच्या कालव्याने थेट बुलढाण्यापर्यंत न्यायचं, अशी ही योजना आहे. पश्चिम विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला पाणी हवं आहे आणि ते मागण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. पण हे पाणी कोणकोणत्या खोऱ्यांतून जमा होतं, वाटेत त्याचं काय होतं, त्यापायी कोणी काय गमावलं, हे मागे जाऊन पाहिल्याशिवाय या योजनेबद्दल बोलणं अर्धवट राहील. त्यासाठी विदर्भातल्या दोन दऱ्या पाहाव्या लागतात. पेंचची दरी धरणाखाली गेली. इंद्रावतीची वाचली.

त्याही आधी तलाव होते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात पाणी अडवणं शेकडो वर्षांचं आहे. गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याला जमीन मिळे आणि कोहळी समाजाने हे काम हातात घेऊन धानाचा हा सगळा मुलूख उभा केला. नवेगावबांधसारखे मोठे तलाव त्यातूनच झाले. गावोगावच्या बोड्या, म्हणजे छोटी तळी, वेगळ्या. पुढे यांनाच माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव म्हणू लागले. आजही त्यांची संख्या सहा हजारांच्या वर आहे. या तलावांनीही जमीन बुडवलीच. मात्र ज्या गावाची जमीन पाण्याखाली जाई, बहुतेक त्याच गावाच्या बांध्यांत पाटाचं पाणी खेळे, त्याच गावातले ढिवर मासे धरत आणि पाळ फुटली तर तेच गाव टोपल्या घेऊन धावे. तोटा आणि फायदा एकाच वेशीच्या आत राही.

१९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, संपली, तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी जायलाच हवी होती. पण तिच्याबरोबर तलावांची देखभालही गेली. गाळ साचत गेला, काठ बेशरमच्या झुडपांनी भरले, पाळी खचल्या. आणि नेमक्या याच काळात मोठ्या धरणांचं युग सुरू झालं.

पेंच नदी छिंदवाड्याच्या सातपुड्यात उगम पावते आणि सागाच्या जंगलातून खडक कापत दक्षिणेला येते. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाच्या सीमेवर तिचं पात्र टेकड्यांमध्ये अरुंद होतं. अशा नदीत उन्हाळ्यात धार तुटते, पण खडकांतले डोह भरलेले राहतात. मासे, कासवं, पाणमांजरं आणि पाण्यासाठी उतरणारं सगळं जंगल चार महिने या डोहांवर तगून राहतं. काठाने जांभूळ, अर्जुन, उंबराची सावली असते आणि भर वैशाखात आजूबाजूचा डोंगर उघडाबोडका झाला तरी तेवढी पट्टी हिरवी असते. धरण बांधणाऱ्याला मात्र अशा ठिकाणी दुसरंच काही दिसतं. दोन टेकड्या जवळ, मध्ये पक्का खडक, मागे खोलगट खोरं : कमी लांबीच्या भिंतीत जास्त पाणी.

पेंचवरच्या तोतलाडोह धरणाची जागा याच हिशेबाने ठरली. दोन्ही राज्यांत पाण्याचा करार झाला आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस धरण पूर्ण झालं. वीजनिर्मितीची क्षमता १६० मेगावॉट, त्यातला दोन तृतीयांश वाटा मध्य प्रदेशाचा आणि एक तृतीयांश महाराष्ट्राचा. उपयुक्त साठा १,०१७ दलघमीच्या (दशलक्ष घनमीटर) आसपास. खाली नवेगाव खैरीला दुसरा बांध आणि तिथून निघणाऱ्या कालव्यांवर पारशिवनी, रामटेक, मौद्याकडचा धान. नागपूर शहराचं बहुतेक पिण्याचं पाणी इथलंच. कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक केंद्रंही याच पाण्यावर चालतात. जलविद्युत कोळशाचा धूर वाचवते हे खरं आहे, पण पेंचच्या बाबतीत तेच पाणी कोळशाच्या विजेलाही लागतं. दोन्ही एकत्र मांडल्याशिवाय हिशोब पुरा होत नाही.

या सगळ्याच्या बदल्यात सुमारे ७२ चौरस किलोमीटर क्षेत्र बुडालं, त्यातलं बरंचसं पलीकडे मध्य प्रदेशात. महाराष्ट्राच्या बाजूच्या जंगलाला १९७५ मध्येच राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला होता. जंगल राखायचं आणि त्याच्या पोटातली नदीकाठची सर्वांत समृद्ध पट्टी बुडवायची, हे दोन्ही निर्णय एकाच काळातले आहेत.

इथे थोडं थांबून मे महिन्यातलं बुडीत क्षेत्र बघण्यासारखं आहे, कारण धरणाच्या बाजूचा आणि विरुद्ध बाजूचा, दोन्ही युक्तिवाद तिथे एकाच जमिनीवर सापडतात. होळीनंतर पाणी उतरू लागतं. वरच्या अंगाचा गाळ वाळून त्याला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. मधल्या पट्ट्यात, ओल शिल्लक असते तिथे, बोटभर कोवळं गवत उगवतं. पाण्यालगत नुसता चिखल आणि त्यावर खुरांचे ठसे. पाण्यातून वर आलेले सागाचे वठलेले सोट तसेच उभे असतात, त्यांवर पाणकावळे पंख वाळवत बसतात. संध्याकाळी चितळांचे मोठे कळप जंगलातून या गवतावर उतरतात. बाकीच्या जंगलात तेव्हा चरायला फारसं काही उरलेलं नसतं. चितळ टिकतात म्हणून वाघही टिकतो. पेंचमध्ये तृणभक्षी प्राण्यांची दाटी मोठी आहे, आणि तिला उन्हाळ्यातल्या या गवताचा मोठा आधार आहे. धरणाने जंगलाला काहीच दिलं नाही, असं म्हणणाऱ्याने हे गवत नाकारू नये.

आणि त्याच जमिनीवर जुलैत पाणी चढतं. उरलेलं गवत, पालापाचोळा, जुनी खोडं पाण्याखाली प्राणवायूशिवाय कुजतात आणि त्यातून मिथेन निघतो. उष्ण प्रदेशातल्या जलाशयांचं हे दुखणं जगभर अभ्यासलं गेलं आहे. पाणी जितकं वरखाली होतं, तितकं दरवर्षी कुजायला नवं गवत मिळतं. धरणाची वीज कागदावर स्वच्छ धरली जाते, त्या कागदावर हा वायू सहसा नसतो.

माणसांचं काय झालं, तेही याच पाण्यात दिसतं. नदी गेली, जलाशय आला, आणि ज्यांचं जगणं नदीकाठचं होतं त्यांनी जलाशयात जाळी टाकली. पण आता ते राष्ट्रीय उद्यान होतं. मध्य प्रदेश सरकारने ३०५ आदिवासी कुटुंबांना मासेमारीचे परवाने दिले, त्याविरुद्ध पर्यावरणवादी सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९७ मध्ये न्यायालयाने परवाने रद्द केले नाहीत, पण कडक अटी घातल्या. महाराष्ट्राच्या बाजूने तोतलाडोहला वसलेली मासेमारांची वस्ती पुढे हटवली गेली. जंगल बुडवणारा प्रकल्प कायदेशीर ठरला आणि त्या पाण्यात जाळं टाकणारा चोर. ही बोच त्या भागात अजून आहे, आणि ती खोटी नाही.

धरण झालं म्हणजे पाणी कायमचं आपलं झालं, हाही समज पेंचने खोडून काढला. वरच्या अंगाला मध्य प्रदेशाने चौराईजवळ माचागोरा धरण बांधलं आणि तोतलाडोहकडे येणारा ओघ घटला. २०१९ च्या उन्हाळ्यात साठा मृतसाठ्यापर्यंत, म्हणजे दारांतून सोडता येत नाही अशा तळाच्या पाण्यापर्यंत, उतरला, पाऊस लांबला आणि जुलैत नागपूरला दिवसाआड पाणी देण्याची वेळ आली. शहराची ही बातमी देशभर गेली. कालव्याच्या शेपटाकडचा धानवाला अशा वर्षी रोवणीच करू शकत नाही, त्याची बातमी तालुक्याबाहेर जात नाही.

पेंचचं पाणी नागपुरात येतं आणि सांडपाणी होऊन नाग नदीत उतरतं. नाग कन्हानला मिळते, कन्हान अंभोऱ्याजवळ वैनगंगेला. आणि तिथे गोसीखुर्दचा फुगवटा, म्हणजे धरणामागे तुंबलेलं पाणी, आहे. वाहत्या नदीत मैला थोडाफार विरतो, थांबलेल्या पाण्यात तो साचतो आणि त्यावर जलपर्णी माजते. भंडारा-पवनीकडच्या ढिवराचं जाळं तिच्यात अडकतं. एका दरीतून निघालेलं निर्मळ पाणी दुसऱ्या खोऱ्यातल्या गावाला घाण होऊन भेटतं. गोसीखुर्दच्या मूळ आराखड्यात या गावांच्या बुडणाऱ्या जमिनीचा विचार होता. शहराच्या मैल्याचा होता असं दिसत नाही.

गोसीखुर्दची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन, तेव्हाचा अंदाज ३७२ कोटी, अडीच लाख हेक्टर सिंचनाचं उद्दिष्ट. २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्प झाला. खर्चाचा अंदाज १८ हजार कोटींच्या पुढे गेला आणि कालव्यांची कामं रेंगाळली. नदीच्या रेतीत हिवाळ्यापासून लावल्या जाणाऱ्या डांगरवाड्या, म्हणजे वेलफळांच्या वाड्या, फुगवट्याच्या पट्ट्यात संपल्या. त्यांचा मोबदला कोणी मागायचा? रेती कोणाच्याच सातबाऱ्यावर नसते. उजव्या कालव्याने कऱ्हांडला, ब्रह्मपुरी आणि ताडोबा या जंगलांमधली जनावरांची ये-जा कापली. सिमेंटच्या उभ्या उतारावर पडलेल्या जनावराला पाय रोवायला जागा नसते. ऑगस्ट २०२० च्या शेवटी मध्य प्रदेशातल्या संजय सरोवर धरणातून पाणी सुटलं, गोसीखुर्दची तेहेतीसही दारं उघडावी लागली आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंतची गावं पाण्यात गेली. धरण पूर अडवतं हा फायदा नेहमी सांगितला जातो. तो जलाशयात जागा मोकळी ठेवली तरच मिळतो, आणि भरलेलं धरण पाहायची घाई सगळ्यांनाच असते.

आता दुसरी दरी. इंद्रावती बस्तरातून येते, भामरागडला पर्लकोटा आणि पामुलगौतम तिला मिळतात, आणि पुढे महाराष्ट्र-छत्तीसगडच्या सीमेवरून जंगलातून वाहत ती गोदावरीला जाते. गोदावरी पाणीतंटा लवादाचा अंतिम निवाडा १९८० चा. त्या काळच्या आखणीत इंद्रावतीवर भोपालपटनम आणि संगमाखाली गोदावरीवर इचमपल्ली अशी दोन मोठी धरणं होती. सिरोंचा, अहेरी, भामरागड आणि पलीकडच्या बस्तरातलं जंगल, माडिया-गोंडांची गावं, रानम्हशींचा अधिवास, सगळं बुडिताच्या नकाशात आलं.

१९८३ पर्यंत भामरागडजवळ हेमलकशाला आमटे कुटुंबाचा, आदिवासींसाठीचा लोकबिरादरी प्रकल्प सुरू होऊन दहा वर्षं झाली होती. बाबा आमटे आणि गोंड नेते, माजी खासदार लाल श्यामशाह यांच्या पुढाकाराने १९८४ च्या सुमारास ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभं राहिलं. बाबांनी पंतप्रधान इंदिरा गांधींकडे हा प्रश्न नेला. १९८० च्या वनसंवर्धन कायद्याने केंद्राच्या परवानगीशिवाय वनजमीन देता येणार नव्हती, त्याचाही उपयोग झाला. दोन्ही धरणं मागे पडली. गडचिरोलीतल्या कोलामार्काला रानम्हशींसाठी २०१३ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र झालं, ते शक्य झालं कारण तिथली नदी अजून नदी होती. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांचं काम याच आंदोलनाच्या मुशीतून पुढे आलं. २००९ मध्ये त्या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला.

पण वाचलेल्या दरीचीही किंमत कोणी तरी मोजतं. भामरागड आजही दर पावसाळ्यात पर्लकोटाच्या पुराने तुटतं. गडचिरोलीत सिंचन तोकडंच राहिलं. दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेष, म्हणजे मागे पडलेल्या भागांच्या विकासातली तूट, मोजला, आणि वनकायद्यामुळे आमचे प्रकल्प अडले ही विदर्भाची तक्रार तेव्हापासून चालत आली. सिंदेवाहीकडचा हुमन प्रकल्प असाच ताडोबाच्या जंगलापायी अडकला. ही तक्रार मी हलकी मानत नाही. शहरात नळाचं पाणी पिऊन गडचिरोलीच्या शेतकऱ्याला जंगल राखायला सांगणं अन्याय आहे. माझं म्हणणं एवढंच, की त्याला पाणी द्यायला दरी बुडवण्याआधी त्याच्या गावच्या तलावातला गाळ काढून पाहिलेला असावा. सहा हजार तलाव त्याच मुलखात पडून आहेत.

इचमपल्ली टळलं तरी गोदावरी सुटली नाही. २०१६ मध्ये महाराष्ट्र आणि तेलंगणाचा करार झाला, २०१९ मध्ये सिरोंच्यासमोर गोदावरीवर तेलंगणाचं मेडिगड्डा बॅरेज, म्हणजे दारांचा बंधारा, सुरू झालं. पाणी तेलंगणाचं, पुराचं पाणी शिरलेली शेतं सिरोंचा तालुक्यातली. ऑक्टोबर २०२३ मध्ये बॅरेजचे खांबच खचले.

नळगंगेच्या कालव्याचा तपशीलवार आराखडा होईल तेव्हा काही गोष्टी त्यात सुरुवातीलाच लिहिलेल्या असाव्यात. उन्हाळ्यात गोसीखुर्दखालच्या वैनगंगेत किती पाणी सोडणार. नाग नदीचं पाणी शुद्ध झाल्याशिवाय उपसा सुरू करणार का. जलाशयातल्या मासेमारीवर पहिला हक्क बुडीत गावांतल्या ढिवरांचा राहणार का, आणि गाळपेर जमिनी, म्हणजे पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळाच्या जमिनी, कोणाला कसायला मिळणार. ४२७ किलोमीटरच्या कालव्यावर जनावरांसाठी पूल कुठे कुठे असणार आणि त्यांचा खर्च मूळ अंदाजपत्रकातच धरलेला आहे का. गोसीखुर्दच्या उजव्या कालव्याच्या वेळी हे प्रश्न खोदाई झाल्यावर विचारले गेले.