काँप्रेशन उतरणे (जुन्या मोटारीचे)

काँप्रेशन उतरणे : पिस्टन वर येताना सिलिंडरमधले पेट्रोल-हवेचे मिश्रण पुरेसे न दाबले जाणे. गॅरेजच्या भाषेत ‘इंजिनात दम नाही’. गाडी सकाळी चटकन चालू होत नाही, घाटात लवकर खालच्या गिअरवर यावे लागते, इंजिन मिसिंग करते (ठोके चुकवते), कधी निळा धूर सोडते. कार्ब्युरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) किंवा इग्निशन (ठिणगी पाडणारी व्यवस्था) बिघडले तरी यांतली बरीच लक्षणे दिसतात. म्हणून दाब मोजल्याशिवाय हेड (सिलिंडरांवरचे झाकण) उतरवू नये.

मुंबईत हा बिघाड घरोघरी ठाऊक झाला तो प्रीमियर पद्मिनीमुळे. फियाट 1100 वर बेतलेली ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होई आणि काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ऑक्टोबर 2023 पर्यंत रस्त्यावर होती. तिचे इंजिन चार सिलिंडरांचे, 1,089 घन सेंमी., बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 68 मिमी. आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) 75 मिमी. जुन्या गाड्यांना हँडल मारून हाताने इंजिन फिरवायची सोय होती, आणि तीच पहिली परीक्षा. इग्निशन बंद ठेवून, अंगठा बोटांच्याच बाजूला घेऊन हँडल सावकाश फिरवावे. दोन फेऱ्यांत चार वेळा हाताला जोर लागला पाहिजे. तीनदा लागला आणि चौथ्यांदा हँडल अलगद निसटले, तर एक सिलिंडर दाब धरत नाही.

नेमके मोजमाप काँप्रेशन गेजने होते. इंजिन गरम आणि बॅटरी भरलेली हवी. चारही प्लग काढावेत, इग्निशन कॉइलची वायर सोडावी, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवावा आणि स्टार्टर पाच-सहा ठोके फिरवावा. एकट्या आकड्यापेक्षा चौघांतला फरक जास्त सांगतो. दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत चालतो. समजा 130, 128, 75, 126 पीएसआय (दर चौरस इंचावर पौंडांत दाब) असे आकडे आले, तर तिसऱ्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. दाब ठळकपणे चढला तर रिंगा (पिस्टनभोवतीची कडी) किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजले आहेत, कारण ऑइलने ती फट तात्पुरती बुजवली. जागचा हलला नाही तर दोष बहुधा व्हॉल्व्हचा (वायू आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेचा). शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडले असतील तर हेड गॅस्केट (हेडखालचे पातळ अस्तर) मधोमध उडाल्याचा संशय घ्यावा.

तरीही शंका उरली तर त्या सिलिंडरचा पिस्टन काँप्रेशनच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडतात. गाडी गिअरमध्ये, ब्रेक घट्ट. मग कान लावायचा. फुसफुस कार्ब्युरेटरमध्ये आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमध्ये आली तर एक्झॉस्ट, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट, नाहीतर हेडला तडा.

सर्वांत दुर्लक्षित कारण टॅपेटचे, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागातल्या फटीचे. टॅपेट घट्ट राहिले की व्हॉल्व्ह सीटवर (बैठकीवर) पूर्ण बसत नाही, तापलेला वायू त्या फटीतून जात राहतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळते. कड शाबूत असेपर्यंत फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि अर्धा तास पुरतो, म्हणून टॅपेट आधी तपासावेत. व्हॉल्व्ह जळला असेल तर हेड उतरवावे लागते, तेही इंजिन गार झाल्यावरच. गरमागरम सोडलेले अ‍ॅल्युमिनियमचे हेड वाकते. व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यामध्ये ग्राइंडिंग पेस्ट लावून, रबरी टोकाच्या काठीने तळव्यांत घुसळत दोन्हींवर अखंड, करड्या रंगाची गोल पट्टी उमटेपर्यंत घासतात. मग व्हॉल्व्ह बसवून पोर्टमध्ये (व्हॉल्व्हमागच्या वाटेत) रॉकेल ओतून ठेवायचे. पाझरले तर पुन्हा घासायचे.

बोअरचे काम मोठे. सिलिंडरच्या वरच्या टोकाशी नख फिरवले आणि कंगोऱ्याला अडकले, तर झीज झालेली आहे. किती ते बोअर गेजने ठरते. झीज थोडी असेल तर होनिंग (आतून हलके घासणे) आणि नव्या रिंगा पुरतात. बोअर लंबगोल झाले असेल तर रिबोर (बोअर कापून मोठे करणे) आणि ओव्हरसाइज पिस्टन. झिजलेल्या बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घातल्या तर पैसे वाया जातात; गाडी पुन्हा ऑइल खाऊ लागते. नवी रिंग एकटीच सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधली फट मोजावी. 68 मिमी. बोअरला ती सुमारे पाव मिलिमीटर असते. फट मुळीच नसेल तर तापल्यावर टोके एकमेकांना भिडतात आणि रिंग मोडते.

हेड बसवताना बोल्ट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने (जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळतात. रिबोरनंतर पहिले पाचशे ते हजार किलोमीटर इंजिनावर जोर देत नाहीत. रिंगा बसल्या की पुन्हा गेज लावून चारही आकडे तारखेसह गाडीच्या वहीत लिहून ठेवतात.