नागपूरचे छप्पर-स्थापत्य

नागपूर शहरातील घरे, मंदिरे व सार्वजनिक इमारती यांच्या छपरांची घडण. ४५ अंशांपलीकडे जाणारा उन्हाळा आणि जून ते सप्टेंबरमधला जोरदार पाऊस, या दोहोंपासून एकाच छपराने राखण करायची, हा येथील बांधकामापुढचा जुना प्रश्न होय.

गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या आरंभी वसवलेले हे नगर पुढे भोसल्यांची राजधानी झाले आणि महाल भागात सागवानी खांबांचे, चौकाचे वाडे उभे राहिले. पश्चिमेकडे वऱ्हाडात मातीचे सपाट छप्पर, म्हणजे धाबे, आढळते. पाऊस अधिक असलेल्या नागपुरात मात्र घरांवर कवेलूचे, म्हणजे हातघडीच्या मातीच्या कौलांचे, उतरते छप्पर रुजले. कुंभार चाकावर मातीची नळी घडवून तिचे उभे दोन भाग करतो. वासे व बांबूच्या पट्ट्यांवर या कवेलूंची एक ओळ उताणी आणि तिच्या सांध्यावर दुसरी पालथी बसते. उताणी ओळ पाणी वाहून नेते, तर दोन्हींतल्या फटींतून घरातली तापलेली हवा वर निघून जाते. मृग लागण्यापूर्वी कवेलू फेरावे, म्हणजे काढून पुन्हा नीट बसवावे लागत. यंत्रावर घडवलेल्या, खाचेत बसणाऱ्या मंगलोरी कौलांनी हे कष्ट कमी केले, परंतु हातच्या कवेलूंचा किंचित ओबडधोबड, जिवंत पोत त्यांना लाभला नाही. सिमेंटच्या सपाट स्लॅबने गच्ची दिली. मात्र दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो, म्हणून उन्हाळ्यात त्यावर चुना मारतात.

सार्वजनिक इमारतींत घुमटाला मान आहे. नवी दिल्लीचे रचनाकार एडविन लुटियन्स यांच्या हाताखाली काम केलेले वास्तुविशारद हेन्री मेड यांनी रचलेली, १९४० मध्ये पूर्ण झालेली उच्च न्यायालयाची वालुकाश्माची इमारत घुमटामुळेच दुरून ओळखू येते. तथापि शहरातील सर्वांत अर्थपूर्ण छत दीक्षाभूमीचे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जेथे अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला, तेथे शिवदानमल यांच्या आराखड्यानुसार उभारलेल्या स्तूपाचे उद्घाटन १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते झाले. रूप सांचीचे असले, तरी सांचीचा स्तूप आतून भरीव आहे व त्याला केवळ प्रदक्षिणा घालता येते. येथील सुमारे १२० फूट व्यासाचा घुमट पोकळ असून त्याखाली सर्वांना एकत्र बसता येते.